ठिबकणारें तेल

ज्या घरीं जुनी मोटारगाडी आहे त्या घरीं, सकाळीं गाडी बाहेर काढल्यावर फरशीवर उरणारा तेलाचा काळा डाग हा नित्याचा वादविषय असतो. घरांतील स्त्रीवर्गास तो अंगणाचा कलंक वाटतो. तरुणांस तो गाडी विकून टाकण्याचें निमित्त वाटतो. आणि ज्या वडीलधाऱ्यांनीं काटकसर करून ती गाडी घेतलेली असते त्यांस तो डाग दिसतच नाहीं. सगळ्यांचें लक्ष डागाच्या आकाराकडे असतें आणि वादास फांटे फुटतात. तेल किती गळतें ह्याहून तें कोठून गळतें आणि गळून कशावर पडतें हें आधीं पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे. आमच्या घरीं हा प्रश्न निकरास आला, तेव्हां आम्ही ज्या रीतीनें तो सोडविला ती रीत वाचकांपैकीं कित्येकांच्या उपयोगीं पडण्यासारखी असल्यामुळें ह्या महिन्याचीं पानें त्यास देत आहों.

धामणगाव बढे हें आमचें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत आहे. आमच्या जिल्ह्यांत तालुके सांगतांना लोक ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असा भेद करतात. बुलढाणा घाटावर, मोताळा व मलकापूर घाटाखालीं. रेल्वे गांठावयाची तर मलकापूर. जिल्ह्याची कचेरी किंवा मोठा दवाखाना म्हटला कीं बुलढाणा. आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, त्यांच्या मूत्रपिंडांचें कार्य मंदावल्यामुळें त्यांस गेलें दीड वर्ष आठवड्यांतून दोनदां रक्तशुद्धीसाठीं, सर्वत्र ज्यास डायलिसिस म्हणतात त्यासाठीं, बुलढाण्यास न्यावें लागतें. मंगळवार आणि शुक्रवार हे त्या कामाचे वार. पहांटे निघावयाचें, मोताळ्यावरून राजूर घाट चढावयाचा, आणि दोनप्रहरीं थकल्याभागल्या मनुष्यास मागील बैठकीवर निजवून तोच घाट उतरावयाचा. ह्या खेपांस आमच्याकडे एकच वाहन आहे, सप्टेंबर २००७ मध्यें घेतलेली पांढरी मारुती ८००. तेव्हां तेलाचा डाग हा आमच्याकडे केवळ अंगणाच्या शोभेचा प्रश्न नव्हता, हें निराळें सांगावयास नको.

ही गाडी आतां नवी मिळत नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत पहिली मारुती ८०० गुडगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या ह्या देशांत खपल्या. त्यामुळें गाडी निघणें बंद झालें तरी तिचे सुटे भाग निघणें बंद झालें नाहीं. शिवाय तिचें ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन ओम्नीसहि बसविलेलें असे, आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. मलकापुरासारख्या ठिकाणीं ह्या इंजिनाचीं पॅकिंगें व सीलें मिळविण्यास फारसे सायास पडत नाहींत. जुनी गाडी ठेवावी कीं न ठेवावी ह्या विचारांत ही गोष्ट प्रथम पाहावी. सुटा भागच मिळत नसेल तर पुढील सारी चर्चा फोल होय. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून गेली ती टॅक्सींच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें. ती वेळेवर आली नसती तरी कुर्ल्याचा कारखाना थांबल्यावर ज्या गाडीचे भाग जुन्या बाजारांत हुडकावे लागत, ती रोजच्या धंद्यांत किती दिवस टिकली असती ह्याची आम्हांस शंकाच आहे.

आतां तेल गळतें कां, हें पाहूं. इंजिन हें एक भांडें नव्हे. एकमेकांवर बसविलेलीं चार-पांच भांडीं आहेत. जेथें दोन धातूचे भाग स्थिर जोडलेले असतात तेथें मध्यें पॅकिंग असतें. जेथें फिरता दांडा बाहेर येतो तेथें रबराचें ऑइल सील असतें. ह्या सीलाला आंतल्या बाजूस एक पातळ ओठ असतो, आणि तो ओठ दांड्यास चिकटून राहावा म्हणून त्याच्या भोंवतीं एक बारीक स्प्रिंग वेढलेली असते. उष्णतेनें व वयानें रबर कडक होतें, ओठ दांड्यावर नीट टेकत नाहीं, आणि तेल वाट काढतें. आमच्या भागांतील उन्हाळा वाचकांस ठाऊक आहे. कोंकणांत जुन्या गाडीचा पत्रा आधीं जातो आणि रबर मागाहून. आमच्याकडे पत्रा धडधाकट राहतो व रबर आधीं वाळतें. म्हणून रत्नागिरीच्या एखाद्या सोयऱ्यानें दिलेला सल्ला वऱ्हाडांतील गाडीस जसाचा तसा लावूं नये. त्यांच्याकडे पंधरा वर्षांच्या गाडीचा तळ गंजला आहे कीं काय हें पाहणें अगत्याचें; आमच्याकडे सील आणि नळ्या पाहणें अगत्याचें.

कांहीं गाड्यांची गळती तर जन्मजातच असे. पुष्कळ संस्थांच्या दारांत एके काळीं उभी असलेली ॲम्बॅसडर आठवावी. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनांत मुख्य दांड्याच्या मागील टोंकास रबरी सील नव्हतेंच. दांड्यावर उलट्या आट्यांची एक खांच कापलेली असे, आणि दांडा फिरूं लागला कीं ती खांच तेल आंत परत ओढून घेई. इंजिन बंद करून गाडी चढावर उभी केली म्हणजे दोन थेंब खालीं पडत. त्याला कोणी दोष मानीत नसे, आणि मानूनहि उपयोग नव्हता, कारण तेथें बदलावयाला कांहीं नव्हतेंच. मारुतीचें तसें नाहीं. तिच्यांत सील आहे. म्हणून तिची गळती हा दोष आहे आणि तो दुरुस्त होऊं शकतो. करावा कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

आमच्या येथें डाग प्रथम वहिनींनीं पाहिला. रांगोळी काढावयाच्या जागेवरच तो पडे. धाकट्या बंधूंचे चिरंजीव, जे पुण्यास संगणकाच्या कंपनींत आहेत, त्यांनीं दूरध्वनीवरून निकाल दिला कीं, “काका, आतां तिच्यावर पैसा घालूं नका, विकून टाका.” गांवांतील एका गॅरेजवाल्यानें वरून पाहून सांगितलें कीं सिलिकॉन लावलें कीं झालें. त्याच मनुष्यानें पूर्वी एकदां चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, इतकें सिलिकॉन चोपडलें होतें कीं त्याचे वाळलेले तुकडे आंत सुटले. असे तुकडे चेंबरांतील तेलाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि इंजिनास तेल पोंचत नाहीं. गळतीनें मरावयाचें नव्हतें तें इंजिन औषधानें मरतें. आमच्या दैवानें तुकडे वेळेवर निघाले. ह्यास्तव मलकापुरास गॅरेज चालविणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याच्याकडे आम्ही गाडी नेली. शाळेंत त्याचें गणित बेताचें होतें. इंजिनाचें मात्र उत्तम आहे.

त्यानें पहिल्याच दिवशीं एकहि नट सैल केला नाहीं, ह्याचें आम्हांस कौतुक वाटलें. त्यानें इंजिन डिझेलनें धुऊन कोरडें केलें आणि सांगितलें, “गुरुजी, दोन दिवस चालवून आणा, मग सांगतो.” हें करणें अत्यंत आवश्यक आहे. तेल उतारानें खालीं जातें आणि वाऱ्यानें मागें जातें; म्हणून जेथून थेंब पडतो ती जागा गळतीची नसून गळतीच्या प्रवासाची शेवटची जागा असते. धुतलेल्या इंजिनावर जो सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग दिसेल तेथें मूळ शोधावें. शंका असेल तेथें स्नानोत्तर लावावयाची साधी पावडर भुरभुरावी; पावडरीवर तेलाची रेघ उठून दिसते. न्यायशास्त्रांत अन्वयव्यतिरेक म्हणतात तो येथें हाताला काळें लावून शिकतां येतो.

घरच्या घरीं करावयाची परीक्षा ह्याहून सोपी आहे. रात्रीं गाडीखालीं जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावें आणि चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीनें दाखवाव्या. सकाळीं डाग कोठें पडला हें तर कळतेंच, पण तो कशाचा आहे हेंहि कळतें. काळपट, बोटास मऊ लागणारा डाग इंजिनाच्या तेलाचा. दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचा डाग गिअरबॉक्सच्या तेलाचा. हिरवट किंवा तांबूस, किंचित् गोडसर वासाचा डाग रेडिएटरच्या पाण्याचा. तें पाणी मांजर-कुत्र्यानें चाटूं नये, तें विषारी असतें. वातानुकूलन चालवून आल्यावर पडलेलें स्वच्छ पाणी निरुपद्रवी. आणि पातळ, बुळबुळीत, चाकाच्या आंतल्या बाजूस उतरलेला डाग ब्रेकच्या तेलाचा असूं शकतो. तो दिसल्यास दुरुस्तीचा खर्च, गाडीचें वय, घराचें मत ह्यांपैकीं कशाचाहि विचार न करतां गाडी जागेवर उभी ठेवावी आणि मेकॅनिकला घरीं बोलवावें.

आमच्या वर्तमानपत्रावर दोन डाग होते. एक पुढें, लहान. दुसरा इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या सांध्याखालीं, रुपयाएवढा. दोन्ही इंजिनाच्या तेलाचे.

मग आम्हीं मोजमाप आरंभिलें. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन थंड असतांना, तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हां घालावी आणि दुसऱ्यांदा काढून वाचावी. घाईनें पहिल्याच वेळीं वाचलेली पट्टी खोटें बोलते. पट्टीवरील वरच्या व खालच्या खुणेमध्यें किती तेल मावतें हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. आमच्या गाडीचें सारें तेलच सुमारें तीन लिटर, तेव्हां त्यांतून पाऊण लिटर गेलें म्हणजे चतुर्थांश गेलें. आम्हीं जुन्या हजेरीबुकांत तारीख, किलोमीटर आणि घातलेलें तेल अशा तीन रकाने पाडून महिनाभर नोंद ठेवली. महिन्यांत ६०० किलोमीटर झाले आणि ३०० मिलिलिटर तेल घालावें लागलें. म्हणजे हजार किलोमीटरांस अर्धा लिटर. तेल लिटरास ४०० रुपये धरल्यास महिन्यास १२० रुपये, वर्षास १,४४० रुपये. हा आंकडा पुतण्यास कळविला तेव्हां तो म्हणाला, “मग एवढ्यासाठीं दुरुस्ती कशाला?” आणि आंकड्यापुरतें त्याचें म्हणणें बरोबर होतें.

एक खुलासा येथें केला पाहिजे. तेल कमी होतें म्हणजे तें गळतेंच असें नाहीं. तें जळतहि असेल. सकाळीं गाडी सुरू करतांना किंवा घाट उतरून पुन्हां वेग देतांना मागून निळसर धूर निघाला तर तेल आंत जळत आहे, आणि दोष रिंगांत किंवा व्हॉल्व्हच्या सीलांत आहे असें समजावें. अशा इंजिनाच्या बाहेरच्या गळतीवर खर्च करणें म्हणजे फुटक्या घागरीला बाहेरून रंग देणें होय. आधीं चारी—आमच्या गाडीस तीनच—सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. आमच्या गाडीचा दाब तिन्हींत सारखा भरला आणि धूर नव्हता. म्हणून पुढें जाण्यास अर्थ होता.

संस्कृतांत सूचीकटाहन्याय प्रसिद्ध आहे. लोहाराकडे एक गिऱ्हाईक सुई करावयास आणि दुसरें कढई करावयास आलें, तर तो सुई आधीं करून देतो. मोटारीच्या गळतीस हा न्याय तंतोतंत लागू पडतो. आमच्या विद्यार्थ्यानें प्रथम सुया केल्या. इंजिनाच्या पोटांत जो वायु सांचतो तो बाहेर घेणारी नळी आणि तिचा व्हॉल्व्ह काढून साफ केला. ही नळी तुंबली कीं आंत दाब वाढतो आणि चांगलें सीलहि गळूं लागतें. पुष्कळ गॅरेजांत नळी न पाहतां सीलें बदलतात, आणि सहा महिन्यांनीं नवीं सीलेंहि गळतात. मग त्यानें टॅपेट कव्हरचें पॅकिंग बदललें, तेल सोडावयाच्या नटाचा वायसर बदलला, ऑइल प्रेशरचा स्विच नवा बसविला. चेंबरचे नट त्यानें फार आंवळले नाहींत. अति आंवळल्यानें पत्र्याची कड वांकते व गळती कायमची होते. ह्या सर्वांस मिळून हजार रुपयांच्या आंत खर्च आला. टॅपेट कव्हरचें काम कितीहि लहान वाटलें तरी टाळूं नये, कारण तेथून ओघळलेलें तेल ज्या गाड्यांत तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडतें, त्यांत प्रथम जळका वास येतो आणि पुढें आगीचें भय असतें.

गळती थांबविणाऱ्या बाटलींतील औषधाविषयीं वाचक विचारतील म्हणून दोन शब्द. तें रबर फुगवून मऊ करतें. सील नुसतें कडक झालें असेल तर कांहीं महिने गुण येतो. ओठ झिजला किंवा फाटला असेल, अथवा दोष पॅकिंगमध्यें असेल, तर येत नाहीं. विकावयाच्या गाडीला तें घालणारे लोक आहेत. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें एक रात्र वर्तमानपत्र पसरल्यावांचून सौदा करूं नये. तेल थोडें दाट घेणें ह्याला मात्र आमच्या उन्हाळ्यांत हरकत नसते, पुस्तिकेंत परवानगी असली म्हणजे झालें.

सुया झाल्यावर पंधरा दिवसांनीं पुन्हां वर्तमानपत्र पसरलें. पुढचा डाग पुसट झाला होता. सांध्याखालचा तसाच होता. ही कढई. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या मागील टोंकाचें सील गेलें होतें, आणि तेथवर पोंचण्यास संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. विद्यार्थ्याचे शब्द असे: “सील तीनशाचं हाये, गुरुजी; पण तिथवर जायाची मजुरी हाये.” गिअरबॉक्स उतरविल्यावर क्लच प्लेट व प्रेशर प्लेटहि बदलून घ्यावी, दोहोंचें तेल नवें घालावें, असें धरून त्यानें ७,२०० रुपये सांगितले. वर्षास १,४४० रुपयांचें तेल वांचविण्यासाठीं ७,२०० रुपये! पांच वर्षांनीं पैसे फिटावयाचे. आणि गाडीची नोंदणी तर सप्टेंबर २०२७ लाच संपते.

नोंदणीचें थोडें सांगितलें पाहिजे. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, मग तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पूर्वी ह्या वाढीस ६०० रुपये शुल्क होतें. त्या दिवसापासून तें ५,००० झालें, आणि तें आम्हीं २०२२ च्या सप्टेंबरांत भरलें. ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींस तें १०,००० करण्यांत आलें. म्हणजे सरकारास जुनी गाडी ठेवणारा मनुष्य फारसा आवडत नाहीं हें उघड आहे. त्याचीं कारणें धुराचीं व अपघातांचीं आहेत, आणि तीं सर्वस्वी खोटीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. जुनी गाडी ठेवणाऱ्यानें तें ओझें हिशेबांत धरलेंच पाहिजे.

तेलाच्या हिशेबानें, नोंदणीच्या हिशेबानें, पुतण्याच्या हिशेबानें उत्तर एकच येत होतें: दुरुस्ती नको. परंतु ह्यांपैकीं एकाहि हिशेबांत तें तेल कशावर पडतें हा रकाना नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या सांध्यांत क्लच असतो. क्लच प्लेट पकड घेते ती कोरड्या घर्षणानें. तिच्यावर तेल पोंचलें कीं सपाट रस्त्यावर कांहीं जाणवत नाहीं. चढावर मात्र इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी चढत नाहीं, मग करपल्यासारखा वास येतो, आणि मग गाडी थांबते. आमच्या घरांत गाडी चढावर नेण्याचें एकच ठिकाण आहे, राजूर घाट. आणि तेथून नेण्याचें एकच कारण आहे. शुक्रवार चुकला तर दादांस पुढील मंगळवारपर्यंत शरीरांत पाणी सांचवीत बसावें लागेल. त्यांस श्वास लागतो तेव्हां घरांत कोणी झोंपत नाहीं. हा रकाना मांडल्यावर महिन्याचे १२० रुपये हा आंकडा किती निरर्थक आहे तें दिसून आलें. तेंच तेल, तितकेंच, चेंबरच्या पुढील टोंकांतून रस्त्यावर पडत असतें तर आम्हीं खाली पत्र्याचें ताट ठेवून स्वस्थ बसण्याचा सल्ला दिला असता.

भाड्याच्या गाडीचाहि विचार झाला. जाऊन-येऊन, थांबण्यासह, एका खेपेस १,५०० रुपये. महिन्यास आठ-नऊ खेपा. पांच खेपांत दुरुस्तीचा पैसा फिटला असता. नव्या गाडीसाठीं हप्ता घेण्याची पुतण्याची तयारी होती, आणि ती मनापासून होती. तथापि एकत्र कुटुंबांत एकाच्या पगारावर सात वर्षांचा हप्ता बसविणें ही गोष्ट सोपी नव्हे. त्याचें स्वतःचें घर व्हावयाचें आहे.

तरीहि चार दिवस निर्णय होईना. कारण काय, तें घरांतील प्रत्येकास ठाऊक होतें आणि कोणी बोलत नव्हतें. दुरुस्ती किती वर्षांसाठीं करावयाची हा प्रश्न गाडीचा नव्हता. नव्या क्लच प्लेटचें आयुष्य किती, असें सूनबाईंनीं सहज विचारलें आणि माजघरांत सगळे एकाएकी गप्प झाले. तेव्हां पलंगावरून दादाच म्हणाले, “गाडीची नोंदणी सत्तावीसपर्यंत आहे ना? माझी कोणी कचेरींत लिहून ठेवलेली नाहीं. जोंवर घाट चढावयाचा आहे तोंवर नीट चढावा, एवढें पाहा. आणि पैसे माझ्या निवृत्तिवेतनांतून घ्या. दोघांवर वांटूं नका.” वहिनी आंत निघून गेल्या. पैसे कोणाचे ह्यावर धाकट्या बंधूंचा व दादांचा मग अर्धा तास वाद झाला, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणें तो वाद तीन वांटे होऊन मिटला.

काम बुधवारीं व गुरुवारीं करावयाचें ठरलें, म्हणजे वार चुकावयाचा नाहीं. आपल्याकडे असें काम देणारांनीं एक लक्षांत ठेवावें: गिअरबॉक्स उतरला असतां स्वतः जाऊन पाहावें. आम्ही गेलों. क्लच प्लेटची कड एका बाजूस तेलानें काळवंडली होती. मधला भाग अजून कोरडा होता. आणखी किती खेपा ती टिकली असती तें सांगवत नाहीं. बाजूला उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकानें “पेट्रोलनें धुऊन तीच लावा कीं” असा सल्ला दिला. तो घेऊं नये. प्लेटीच्या अस्तरांत मुरलेलें तेल गरम झालें कीं पुन्हां वर येतें. जुनें सील हातांत घेऊन पाहिलें तर त्याचा ओठ नखानें वांकत नव्हता, वाळल्या सालीसारखा झाला होता. दांड्यावर ओठानें खांच पाडली आहे कीं काय, हेंहि विद्यार्थ्यानें बोट फिरवून पाहिलें. खांच असेल तर नवें सील किंचित् पुढें-मागें बसवावें लागतें, नाहीं तर तेंहि गळतें. तशी खांच नव्हती. सील त्यानें तेल लावून, सरळ, थोडें थोडें ठोकून बसविलें. कोरडें सील बसविणारा कारागीर पहिल्या मिनिटांतच त्याचा ओठ जाळतो.

पुढचें सीलहि ओलसर आहे असें त्यानें दाखविलें. तें टायमिंग बेल्टच्या मागें असतें. बेल्टवर तेल आलेलें नव्हतें. आलें असतें तर तेंहि तेव्हांच करणें भाग होतें, कारण तेलानें बेल्टचें रबर फुगतें आणि बेल्ट तुटला कीं गाडी आहे तेथें उभी राहते. बेल्ट बदलण्याची पाळी आणखी कांहीं हजार किलोमीटरांनीं येणार आहे. त्याच वेळीं तें सील बदलावें, म्हणजे एकाच मजुरींत दोन्ही होतील, असें ठरवून तें काम राखून ठेवलें. जुनें काळें तेल त्याच्याकडील पिंपांतच ओतूं दिलें. आमच्या गांवीं तें घरीं आणून दारांच्या चौकटींस व गोठ्याच्या खांबांस वाळवीसाठीं लावण्याची चाल आहे. पण विहिरीजवळ किंवा शेणखताच्या उकिरड्यावर तें कोणी ओतूं नये, तें मातींत वर्षानुवर्षें राहतें.

शुक्रवारीं पहांटे गाडी घाट चढली. आवाज चढला नाहीं, वास आला नाहीं. त्यानंतर हजेरीबुकांतील नोंद तशीच चालू आहे. पहिल्या महिन्याच्या ६०० किलोमीटरांस सुमारें ६० मिलिलिटर तेल लागलें, आणि तें पुढच्या सीलाचें असावें. अंगणांत वहिनींनीं तेलाच्या डब्याचें एक झांकण ठेवलें आहे. त्यांत दोन दिवसांत चार-पांच थेंब जमतात. मंगळवारीं आणि शुक्रवारीं निघतांना दादा दारांत थांबतात, पट्टीवरचें तेल कोठवर आहे तें विचारतात, आणि उत्तर ऐकून मग गाडींत बसतात.